गिनीपिगचा पिंजरा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील मुलांना 'पिंजरा' म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो उसाच्या फडाकडेला वनखात्याने लावलेला बिबट्याचा पिंजरा. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्यांना आडोसा मिळाला. पकडलेले अनेक बिबटे जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातात, हेही या मुलांना ठाऊक असते. पिंजरा हे साधन आत काय ठेवायचे आणि बाहेर काय ठेवायचे याचा निर्णय करते, हे या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.

या लेखात आम्ही एका फार छोट्या प्राण्याच्या पिंजऱ्याविषयी लिहिणार आहोत. 'आम्हाला काय गिनीपिग समजता?' असे आपण रागाने म्हणतो, तोच हा गिनीपिग. शाळेच्या विज्ञानकक्षात एखादा जिवंत प्राणी असावा असे वाटणारे शिक्षक पुष्कळ असतात. ससा, पांढरा उंदीर आणि गिनीपिग यांपैकी गिनीपिग त्यांना सोयीचा वाटतो, कारण तो सहसा चावत नाही, उडी मारून पळत नाही आणि पाला खाऊन राहतो. मग दोन प्रश्न उभे राहतात : तो आणावा कोठून? आणि पिंजरा कसा असावा? प्रश्न दुकानदाराला विचारण्याचे वाटतात. पण याच दोन प्रश्नांच्या उत्तरांवर विज्ञानातील काही मोठे शोध उभे आहेत आणि त्यांतला एक तर आपल्या मुंबईतला आहे.

चुलीजवळचा प्राणी

गिनीपिग गिनी देशातला नाही आणि तो डुक्करही नाही. तो कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला आहे. उंदीर, खार, साळिंदर हे त्याचे दूरचे नातेवाईक. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. आजच्या पेरू, बोलिव्हिया या भागांत काही हजार वर्षांपूर्वी माणसाने त्याला माणसाळवले, ते मांसासाठी. तेथील लोक त्याच्या आवाजावरून त्याला 'कुई' म्हणतात आणि आजही आवडीने खातात. पेरूमधील कुस्को शहराच्या चर्चमध्ये येशूच्या अखेरच्या भोजनाचे अठराव्या शतकातील एक चित्र आहे. त्यात ताटात वाढलेला आहे तो कुई.

अँडीजमधील घरांत या प्राण्याला पिंजरा नव्हता. तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर कळपाने मोकळा वावरे, भाजीची देठे खाई आणि रात्री चुलीच्या उबेला बसे. त्याचे रानटी भाऊबंदही गवतात लहान गटांनी राहतात. ते झाडावर चढत नाहीत आणि धोका दिसला की आडोशाला पळतात. गिनीपिगच्या सवयी येथूनच आल्या आहेत. त्याला सोबत लागते, लपायला जागा लागते, पायाखाली सपाट जमीन लागते. पुढे पिंजऱ्याची चर्चा करताना हे लक्षात ठेवावे लागेल.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी अमेरिकेतून युरोपात जे काही नेले, त्यात बटाटा, टोमॅटो, मका यांच्याबरोबर हा प्राणीही होता. १५५४ मध्ये कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गअभ्यासकाने त्याचे वर्णन छापले. नावांचा घोळ तेव्हापासूनचा. फ्रेंचांनी त्याला 'इंडियाचे डुक्कर' म्हटले, कारण अमेरिका म्हणजे इंडीज ही समजूत पक्की होती. जर्मनांनी 'समुद्रापलीकडचे छोटे डुक्कर' म्हटले. इंग्रजीतील 'गिनी' कोठून आले याविषयी अनेक तर्क आहेत. १७५८ मध्ये लिनियसने त्याला उंदरांच्या प्रजातीत घालून 'पोर्सेलस', म्हणजे छोटे डुक्कर, हे नाव दिले. आज त्याचे शास्त्रीय नाव कॅव्हिया पोर्सेलस असे आहे. युरोपात त्याला कोणी फारसे खाल्ले नाही. तो श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे झाला आणि तेथून प्रयोगशाळेत गेला.

बर्फातला पिंजरा

१७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक उपकरण केले. तारेच्या टोपलीत गिनीपिग ठेवायचा, टोपलीभोवती बर्फ, आणि बाहेरची उष्णता त्या बर्फापर्यंत पोचू नये म्हणून त्याभोवती बर्फाचा आणखी एक थर. आतल्या बर्फाचे जेवढे पाणी होईल तेवढी उष्णता प्राण्याच्या शरीरातून बाहेर पडली, असा हिशेब. सुमारे १० तासांत १३ औंस बर्फ वितळला. गिनीपिग श्वासावाटे किती कार्बन डायऑक्साइड सोडतो हे त्यांनी वेगळे मोजले होते. तेवढाच वायू कोळसा जाळून मिळवला तर किती उष्णता निघेल, याच्याशी त्यांनी तुलना केली. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण इतके जवळ आले की श्वसन हे एक प्रकारचे संथ ज्वलन आहे, असे म्हणता आले.

येथे पिंजरा हाच उष्णतामापक होता. शंभरेक वर्षांनी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला (१८८२), तेव्हाही गिनीपिग हाताशी होता, कारण क्षयाचे जंतू टोचले की त्याला हमखास क्षय होई. सूक्ष्मजंतुशास्त्राच्या त्या काळात तो इतका वापरला गेला की त्याचे नावच 'ज्याच्यावर प्रयोग होतो तो' या अर्थाने रूढ झाले.

परळची गोडाऊने

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढच्या वर्षी प्लेग पुण्यात होता आणि मग तो घाटावरच्या गावोगावी पोचला. पुढील सुमारे पंचवीस वर्षांत भारतात एक कोटीच्या घरात माणसे या रोगाने गेली. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या घालून राहायचे, ही रीत जुन्या पिढीच्या आठवणींत होती. लोकांना अनुभवाने एक गोष्ट कळली होती : उंदीर आधी, माणूस नंतर. मधला दुवा मात्र कोणाला माहीत नव्हता. सरकारी यंत्रणा जमिनी धूत होती, कपडे जाळत होती, घरांची छपरे उघडीत होती आणि रोग्यांना सक्तीने हलवत होती. रोग कशाने पसरतो हे नीट माहीत नसताना केलेले उपाय लोकांना रोगाइतकेच जाचक झाले.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात असे प्रयोगाने दाखवले, पण त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे ग्लेन लिस्टन यांनी मुंबईतील एका चाळीचा अभ्यास केला. तेथे उंदीर मेले आणि त्यापाठोपाठ रहिवाशांना पिसवांचा त्रास सुरू झाला. माणसांच्या अंगावरून पकडलेल्या ३० पिसवांपैकी १४ पिसवा उंदरावर राहणाऱ्या जातीच्या निघाल्या. एरवी माणसाच्या अंगावर ही जात क्वचितच सापडे. यजमान मेला की भुकेली पिसू दुसरा यजमान शोधते, असा याचा अर्थ होता.

१९०५ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी एक आयोग नेमला गेला. त्याचे काम परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत चालले. हीच संस्था १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. या संशोधकांनी आवारात छोट्या खोल्या बांधून घेतल्या. अहवालांत त्यांना 'गोडाऊन' म्हटले आहे. काही खोल्यांच्या कौलारू छपरांत उंदरांना थारा होता, पण खाली जाळी ताणलेली असल्याने उंदीर जमिनीवर उतरू शकत नसत. पिसवा मात्र जाळीतून खाली पडत. जमिनीवर सोडले होते गिनीपिग, काही निरोगी आणि काही प्लेगची लागण केलेले.

गिनीपिगच का? त्याला प्लेग लवकर होतो, तो चढत नाही, बीळ करीत नाही आणि त्याच्या दाट केसांत पिसवा आपोआप गोळा होतात. तो एकाच वेळी रोगाची चाचणी आणि पिसवांचा सापळा होता.

निष्कर्ष स्पष्ट आले. ज्या खोल्यांत पिसवा नव्हत्या, तेथे रोगी आणि निरोगी गिनीपिग एकत्र राहिले, एकाच ठिकाणी खाल्ले, मलमूत्रात लोळले, रोगी मादीचे दूध पिल्लांनी प्यायले, तरी निरोगी प्राण्यांना प्लेग झाला नाही. या खोल्या कधी झाडलेल्याही नव्हत्या! जेथे पिसवा होत्या तेथे रोग पसरला, आणि पिसवा जितक्या जास्त तितका वेगाने पसरला.

मग पिंजरे आले. त्याच खोलीत काही गिनीपिग मोकळे ठेवले, काहींचे पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर ठेवले आणि काहींचे दोन फुटांवर टांगले. मोकळ्या गिनीपिगना प्लेग झाला. दोन इंचांवरच्यांना झाला. दोन फुटांवरच्यांना झाला नाही. उंदरावरची पिसू सुमारे पाच इंचांहून लांब उडी मारू शकत नाही, हे आधीच मोजलेले होते. हवा तीच, वास तोच, खोली तीच. फरक होता तो उंचीचा. रोग हवेतून येत असता तर दोन फुटांनी काय वाचवले असते?

शंकेखोराने विचारले असते, की प्रयोगशाळेतले ठीक, पण खऱ्या घरात काय? प्लेग झालेल्या घरांत त्यांनी पिंजऱ्यांची जोडी ठेवली. एकाभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद, दुसऱ्याभोवती तेवढ्याच रुंदीचा वाळूचा थर. चिकट कागदाआडचा गिनीपिग वाचला. वाळूआडच्यांपैकी काही प्लेगने मेले. कागदावर २४७ पिसवा चिकटल्या होत्या. त्यांतील १४७ माणसावरच्या, ८४ उंदरावरच्या आणि १६ मांजरावरच्या. त्यांपैकी काही तपासल्या. माणसावरच्या ८५ मध्ये एकीत, उंदरावरच्या ७७ मध्ये २३ पिसवांत आणि मांजरावरच्या चारपैकी एकीतही नाही, असे प्लेगसारखे जंतू सापडले. हे आकडे फळ्यावर लिहावेत आणि मुलांनाच विचारावे, की संख्येने जास्त कोण आणि दोषी कोण?

एक सूचना मात्र करायला हवी. हे निष्कर्ष गाठीच्या प्लेगचे आहेत. प्लेग फुप्फुसात उतरला तर तो खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जाऊ शकतो.

हवेला जोडलेला पिंजरा

परळच्या प्रयोगाची दुसरी बाजू अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाहायला मिळाली. क्षयरोग्यांच्या वॉर्डातील हवा नळांतून वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेली आणि तेथे पिंजऱ्यांत गिनीपिग ठेवले. रोग्यांशी त्यांचा संबंध होता तो केवळ हवेचा. एकामागून एक गिनीपिग क्षयाने बाधित झाले. वाटेत हवेवर अतिनील किरण सोडले, तेव्हा पुढचे गिनीपिग वाचले. वेल्स आणि रायली यांच्या या कामामुळे क्षय हवेतून पसरतो याचा भक्कम पुरावा मिळाला.

परळला पिंजरा उंच टांगून पिसवा तोडल्या आणि हवा ठेवली. बाल्टिमोरला बाकी सारे तोडून हवा ठेवली. एकाच प्राण्याने दोन रोगांची दोन वेगळी उत्तरे दिली. प्रश्न विचारला होता तो पिंजऱ्याच्या रचनेने.

हिरव्या पाल्याचा धडा

१९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी गिनीपिगना केवळ धान्यावर ठेवले. त्यांना स्कर्व्ही झाला, तोच हिरड्यांतून रक्त येणारा खलाशांचा रोग. ताजा भाजीपाला दिला की तो टळे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरात तयार करतात. माणूस आणि गिनीपिग ते करू शकत नाहीत. प्रयोगाला उंदीर निवडला असता तर हे कळलेच नसते. १९३२ मध्ये सेंट-ग्यॉर्गी आणि स्विर्बेली यांनी क जीवनसत्त्व ओळखले, तेही गिनीपिगवरील प्रयोगांनीच.

याची उलट बाजूही आहे. १९४० मध्ये फ्लोरी यांनी पेनिसिलिनची पहिली परीक्षा उंदरांवर केली. १९४३ मध्ये दिसून आले की गिनीपिगला पेनिसिलिन घातक ठरते, कारण त्याच्या आतड्यातील उपयोगी जंतूंची घडी बिघडते. पहिली परीक्षा गिनीपिगवर झाली असती तर कदाचित औषध बाजूला पडले असते! शाळेतला गिनीपिग आजारी पडला तर माणसाचे किंवा गुरांचे औषध त्याला देऊ नये. पशुवैद्याला प्राणी कोणता हे आधी सांगावे, हा धडा या इतिहासातूनच आला आहे.

कोठून आणावा?

आता मूळ प्रश्न. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, जुन्नर येथील बाजारांत कोंबड्या-शेळ्या मिळतात. गिनीपिगसाठी बहुतेक वेळा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. तीन मार्ग संभवतात.

पहिला, प्रयोगशाळा. तेथून प्राणी सहज मागून आणता येत नाहीत. प्रयोगासाठीच्या प्राण्यांची पैदास आणि वापर यांवर १९९८ पासून नियमांचे बंधन आहे.

दुसरा, दुकान. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. ते प्रमाणपत्र पाहायला मागावे. मग परळचे संशोधक पाहतील तसे पाहावे : कोणाबरोबर कोण राहतो? ससा आणि गिनीपिग एकाच पिंजऱ्यात असतील तर तेथून घेऊ नये. सशाच्या श्वसनमार्गात त्याला त्रास न देणारे जंतू असू शकतात आणि तेच गिनीपिगला न्यूमोनिया करतात. नर-माद्या एकत्र असतील तर आणलेली मादी गाभण असण्याची शक्यता मोठी. नाक-डोळे वाहत असतील, केसांत गोल टक्कल पडले असेल तर ते गजकर्ण असू शकते आणि ते मुलांनाही होते.

तिसरा मार्ग, ज्या घरी गिनीपिग आहेत आणि सांभाळणे जड जात आहे, अशा घरून दोन माद्या किंवा दोन नर भाऊ मागून घेणे. आम्हाला हा मार्ग सर्वांत बरा वाटतो. प्राण्याचे वय, खाणे आणि सवयी यांची माहिती देणारे माणूस तेथे असते.

कोणत्याही मार्गाने आणला तरी आधीच्या प्राण्यांपासून दोन आठवडे वेगळा ठेवावा. आणि नर-मादी जोडी आणू नये. मादी एक-दीड महिन्याची असतानाच गाभण राहू शकते आणि सुमारे सव्वादोन महिन्यांत डोळे उघडी, केसाळ, धावणारी पिल्ले होतात. वर्षाअखेर शाळेत किती होतील, हा हिशेब मुलांनी करावा, पण कागदावर!

पिंजरा कसा असावा?

दोन गिनीपिगांना किमान तीन फूट लांब आणि अडीच फूट रुंद मोकळी जमीन लागते. उंचीचा त्यांना उपयोग नाही, म्हणून पोपटाचा उंच पिंजरा निरुपयोगी. तळ तारेच्या जाळीचा नको. त्याने तळपायांना जखमा होतात. सपाट फळीवर वाळलेले गवत जाड पसरावे आणि ते वरचेवर बदलावे. दोन दारांचा एखादा खोका लपायला ठेवावा.

गावचा सुतार असा पिंजरा करून देईल. त्याला एकच गोष्ट निक्षून सांगावी : हा पिंजरा आतल्याला कोंडण्यासाठी कमी आणि बाहेरच्यांना अडवण्यासाठी जास्त आहे. मांजर, मुंगूस, घूस, साप यांच्यासाठी जाळी बारीक आणि झाकण कडीचे हवे. पिंजरा टेबलावर ठेवावा आणि रात्री खोलीचे दार बंद असावे. बिबट्याच्या मुलखात अंगणात लहान प्राणी ठेवणे म्हणजे भक्ष्याची चाहूल देणे होय. पत्र्याच्या खोलीत मात्र एप्रिल-मेमध्ये ठेवू नये. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपलीकडे त्याला उष्णतेचा त्रास सुरू होतो. शेवटी तो अँडीजचा आहे.

खाण्याची अडचण या भागात नाही. मुख्य अन्न वाळलेले गवत, कारण त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजावे लागतात. लसूणघास गुरांसाठी घरोघर असतो, पण त्यात कॅल्शियम जास्त असल्याने मोठ्या गिनीपिगला तो थोडाच द्यावा. रोज मूठभर कोथिंबीर किंवा सिमला मिरचीची फोड दिली की क जीवनसत्त्व मिळते. फवारणीची भाजी असेल तर नीट धुऊन द्यावी.

आणि शेवटचा प्रश्न : दिवाळीच्या आणि मेच्या सुटीत त्याला कोण पाहणार? गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतो. पाचवीत आणलेला प्राणी दहावीच्या निरोप समारंभालाही असू शकतो. या प्रश्नाला नावानिशी उत्तर नसेल तर प्राणी आणू नये.

प्राणी न आणताही शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या रानात शेकरू आहे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तोही कृंतकच, म्हणजे गिनीपिगचा नातेवाईक. त्याला आणि रानातल्या सशाला पकडून पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. एकाला हजारो वर्षांपूर्वी माणसाने चुलीजवळ आणले, दुसरा झाडाच्या शेंड्यावरच राहिला. दोघांचे दात, पाय, अन्न आणि घरटे यांची तुलना वर्गात करता येईल.

परळचा प्रयोगही पुठ्ठ्याच्या खोक्यांनी मांडता येतो. खोडदला विज्ञान दिनाच्या सुमारास भरणाऱ्या प्रदर्शनात तो शोभेल. तीन खोके घ्यावेत : एक जमिनीवर, एक दोन इंचांवर, एक दोन फुटांवर. निकाल आधी सांगू नये. 'रोग स्पर्शाने पसरत असेल तर काय होईल? हवेने पसरत असेल तर? पिसवांनी पसरत असेल तर?' असे तीन रकाने मुलांकडून भरून घ्यावेत आणि मग १९०५ नंतर परळला काय दिसले ते सांगावे. कोणता रकाना टिकला आणि कोणते दोन खोडावे लागले, हे मुले स्वतःच सांगतील.